एकेचाळीस कोरे दिवस

पुणे, ४ मार्च १९७३

ती. मामांस सुगंधाचा सप्रेम जयभीम.

मामीला सांगा, तिने बांधून दिलेले नाचणीचे पीठ संपले आणि मी अजून जिवंत आहे. हे दुसरे मी उगाच लिहीत नाही. गेला आठवडा मी इतकी घाबरलेली होते की डबा उघडायचेही सुचत नव्हते.

साहेबांनी मला पहिल्यांदाच स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला दिला. आमच्या ऑफिसात हे काम करणारे अकरा जण, त्यात बाई मी एकटी, आणि आपल्यातली तर पहिलीच. तोंडावर कुणी काही बोलत नाही. पण चूक झाली तर काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येते.

काम असे होते. दुष्काळी कामावर तुमच्या भागात जे पाझर तलाव बांधताहेत, त्यांच्यासाठी पंधरा वर्षांचा रोजचा पाऊस तपासायचा. एका दिवसात जास्तीत जास्त किती पडला ते काढायचे, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जायला सांडवा किती रुंद ठेवायचा ते ठरते. शिवाय पावसाळ्यातले कोरडे दिवस किती, त्याची यादी. आणि मामा, कपाटातून पावसाच्या वह्या कुणाच्या निघाल्या? तुमच्या! तुमचे वळणदार आकडे पाहून मला एकदम धीर आला.

फोरट्रान नावाची भाषा आहे. एकेका ओळीचे एकेक कार्ड, त्याला भोके पाडायची, सगळी कार्डे रबर लावून खिडकीत द्यायची आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. कॉम्प्युटर लगेच कामाला लागत नाही. आपण लिहिलेले तो आधी सगळेच्या सगळे स्वतःच्या भाषेत करून घेतो. एक ओळ जरी त्याला कळली नाही, तरी गठ्ठा परत. पहिल्या दिवशी माझ्या नऊ चुका निघाल्या. एके ठिकाणी नुसता कंस मिटवायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी छापून आलेला कागद हातात घेतला. वर लिहिले होते, चुका नाहीत. खाली आकडे, ओळीने. मी जिन्यात जाऊन रडले.

सर्वांत मोठा पाऊस एकशे सेहेचाळीस मिलिमीटर, सन पासष्टमध्ये. साहेबांनी आकडा त्याच दिवशी पुढे पाठवला.

आता एक गंमत. कोरड्या दिवसांच्या यादीत १२ जुलै १९६१ आहे! त्या दिवशी पानशेत फुटले, अर्धे पुणे वाहून गेले, आणि आमच्या मामांकडे शून्य पाऊस. गोधडी ओढून झोपला होता की काय?

तुमची सुगंधा


करंजवाडी, वेल्हे, १३ मार्च १९७३

चि. सुगंधास मामाचा जयभीम व आशीर्वाद.

तुझे पोस्टकार्ड माझ्या हाती पडायच्या आधी शाळेतल्या गुरुजींनी वाचले. हसत म्हणाले, "काय ज्ञानू, पानशेतच्या साली झोपला हुतास व्हय?" चार माणसे उभी होती. यापुढे उघडे कार्ड टाकू नकोस, पाकिटात लिही. मीही पाकीट आणले आहे.

तुझी कार्डे पास झाली हे वाचून बरे वाटले. पण ती यादी तुझ्याखेरीज कुणी कुणी पाहिली? साहेबांनी पाहिली का? त्यांनी तारखेवर बोट ठेवले का? नसेल ठेवले तर तूही ठेवू नकोस. माझी नोकरीची दोन वर्षे राहिली आहेत. चौसष्ट साली एक तपासनीस येऊन माझ्या वहीवर लाल पेन्सिल फिरवून गेला, त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवण गोड लागले नव्हते. एवढेच लिहितो, की मी खोटा आकडा कधी लिहिलेला नाही. आणखी विचारू नकोस.

इकडे तुमच्या दुष्काळी तलावाचे काम जोरात आहे. आपल्या वस्तीच्या बरोबर वर, ओढ्यावरच बांध घालताहेत. मामी माती वाहायला जाते. दुपारी खायला सुकडी मिळते, ती निम्मी पदराला बांधून घरी आणते. मुकादम चिमाजी मोठा कडक माणूस आहे, पण मापात खोट करत नाही.

तुझा मामा, ज्ञानू


पुणे, १८ मार्च १९७३

ती. मामांस जयभीम.

माझी थट्टा तुम्हाला अशी लागेल असे वाटले नव्हते. मला माफ करा.

तुम्ही विचारू नका म्हणालात, तरी विचारते. तुमचे पत्र वाचून मी कपाटातल्या वह्या पुन्हा काढल्या. बारा जुलैला तुम्ही शून्य लिहिलेलेच नाही. रकाना कोरा आहे. अकरा तारखेचाही, तेराचाही. मग मी सगळ्या वह्या चाळल्या. पंधरा वर्षांत एकेचाळीस रकाने कोरे आहेत आणि सगळे जून ते सप्टेंबरमधले. हिवाळ्यात एकही नाही. पाऊस नसला की तुम्ही स्वच्छ शून्य घालता, ते पानोपानी दिसते.

मग कोरा रकाना म्हणजे काय, मामा? मी कुणाला सांगणार नाही. पण मला खरे हवे आहे. काल दिवसभर मी ते कोरे रकाने पुन्हा पुन्हा मोजत बसले.

सुगंधा


करंजवाडी, २९ मार्च १९७३

चि. सुगंधास जयभीम.

हे पत्र वाचून जाळ.

पाऊस मोजायचे भांडे ओढ्यापलीकडे शाळेच्या आवारात आहे, तारेच्या कुंपणात, तुला ठाऊक आहे. सरकारने ते गावठाणात बसवले आणि आपली वस्ती ओढ्याच्या अलीकडे, खालच्या अंगाला. रोज सकाळी साडेआठला ओढा ओलांडून जायचे, बाटलीतले पाणी मापात ओतायचे आणि आकडा लिहायचा. बाकीचे दिवस काही त्रास नाही.

एकोणसाठ साली ओढ्याला कमरेच्या वर पाणी असताना मी आत शिरलो. सरकारी काम, चुकवायचे कसे? पाय सुटले. पुढच्या वळणाला वस्तीतल्या गेनबाने माझी घोंगडी धरली म्हणून मी राहिलो. त्या दिवसापासून ओढा कमरेवर गेला की मी काठावरूनच परत फिरतो. मी भितो, सुगंधा. मामीला सांगितले आहे की सरकारचा हुकूमच तसा आहे, पूर असताना जायचे नाही. असा काही हुकूम नाही.

दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनी पाणी उतरल्यावर जातो, तर बाटली भरून बाहेरचा डबाही भरून ओसंडलेला असतो. किती पडले, किती सांडले, कुणी सांगावे? अंदाजे लिहिता आले असते. शेजारच्या गावचा लिहितो, आणि त्याला शाबासकी मिळते. मी म्हटले, जे पाहिले नाही ते लिहायचे नाही. म्हणून कोरे ठेवले. पानशेतच्या दिवशी तर घरातल्या घरात बोललेले ऐकू येत नव्हते असा पाऊस होता. तो मी मोजू शकलो नाही.

आता तू ठरव, मामाला चोर म्हणायचे की भित्रा.

ज्ञानू


पुणे, ४ एप्रिल १९७३

ती. मामांस जयभीम.

तुम्ही चोर नाही. चोर असता तर बरे झाले असते, काहीतरी मोठा आकडा ठोकून दिला असता.

कसे लिहू? वह्यांतले आकडे दुसऱ्यांनी भोके पाडून कार्डांवर चढवले, तेव्हा कोरा रकाना कोराच राहिला, आणि कार्डावरची रिकामी जागा कॉम्प्युटर शून्य म्हणून वाचतो. तसा त्याचा नियमच आहे, पुस्तकात छापलेला. ते पान मी घाईत ओलांडले. मी त्याला सांगायला हवे होते की कोरे वेगळे आणि शून्य वेगळे, आणि मी सांगितले नाही. वर "चुका नाहीत" असे आले ते पाहून मी नाचले. त्याचा अर्थ एवढाच होता की माझी भाषा त्याला कळली. मी काय मूर्खपणा सांगते आहे हे तपासायचे काम त्याचे नव्हते.

ज्या दिवशी ओढा ओलांडता आला नाही तेच सर्वांत मोठ्या पावसाचे दिवस. माझ्या प्रोग्रॅमने ते सगळे कोरडे धरले. एकशे सेहेचाळीस हा फार तर ओढ्यातून चालत जाता येईल अशा दिवसाचा पाऊस आहे.

त्याच आकड्यावर सांडव्यांची मापे गेली. मी यादी मागून घेतली. तिसरेच नाव करंजवाडी. सांडवा अठरा फूट. मामा, तुमच्या डोक्यावरचा बांध. पावसाळ्यात तलाव भरला आणि अठरा फुटांतून पाणी निघाले नाही, तर ते बांधावरून जाईल. मातीचा बांध वरून वाहू लागला की राहत नाही, हे इथला शिपाईही सांगतो.

साहेबांना अजून बोलले नाही. रोज त्यांच्या दारापर्यंत जाते आणि पाणी पिऊन परत येते. माझी जागा तात्पुरती आहे, जूनमध्ये कायम करायची की नाही ते ठरणार. "ह्यांना जमायचं नाही" हे वाक्य कुणीतरी तयार ठेवले असेल, ते मीच त्यांच्या हातात द्यायचे? मला फार भीती वाटते. आणि भीती वाटते याची लाजही वाटते, कारण खाली तुम्ही आहात.

सुगंधा


करंजवाडी, १५ एप्रिल १९७३

चि. सुगंधास जयभीम.

पत्र आले त्याच दुपारी कासरा घेऊन सांडव्यावर गेलो. चिमाजी म्हणाला, "काय मोजतुयास?" म्हटले, बैलाला कासरा पुरतो का बघतोय. अठरा फूट. बरोबर अठरा. दगड लावायचे काम चालू आहे.

मग खाली येऊन आपल्या अंगणात उभा राहिलो आणि वर पाहिले. बांध आपल्या आढ्यापेक्षा उंच गेला आहे. इतके दिवस मी त्याच्याकडे कौतुकाने पाहत होतो. चौतीस घरे आहेत, सुगंधा. मी उंबऱ्यावर बसलो.

मामीने विचारले. मी तिला सगळे सांगितले, हुकमाचे खोटे होते तेही. मला वाटले, चिडेल. म्हणाली, "तुमी भ्याला म्हनून जित्ते हाईसा. मला का ठावं नव्हतं? हुकूम असता तर तुमी तो कागुद धा येळा दावला असता." आणि मग म्हणाली, "पोरीला म्हनावं, सायबाला सांग. नोकरी गेली तर हितं ये, नाचनी हाय."

तुला जमत नसेल तर माझ्या नावावर घाल. सांग की वही लिहिणाराच आंधळा होता. दोन वर्षे राहिलीत, तीही जाऊ देत. पण पाऊस यायच्या आत सांग.

ज्ञानू


पुणे, २० मे १९७३

ती. मामांस जयभीम.

सांगितले. तुमचे पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी. आधी कळवले नाही, कारण पुढे काय होणार तेच मला ठाऊक नव्हते.

साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितले. सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "एकेचाळीस?" मग पुढे पाठवलेल्या आकड्याची नक्कल काढून त्यांनी टेबलावर ठेवली. रागावले असते तर सोपे गेले असते. वहीचा दोष का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. वही खरी होती, वाचणारी चुकली. तुमचे नाव मी घातलेले नाही आणि घालणारही नाही.

बाहेर आले तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ "वाटलंच होतं" असे म्हणाले. मला नाही, पंख्याकडे पाहून. ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि चार दिवस उशाशी घेऊन झोपले.

प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता तो प्रत्येक रकाना आधी रिकामा आहे का ते पाहतो, आणि रिकामा असेल तर वेगळा मोजतो. गठ्ठा खिडकीत दिला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त भीती वाटली. आता मला माहीत होते की तो चूक नाही म्हणाला तरी चूक असू शकते. म्हणून आधी एका वर्षाचे आकडे हाताने करून पाहिले, मग कागदाशी ताडले. जुळले. शेवटी छापून आले, माहीत नसलेले दिवस एकेचाळीस.

साहेब म्हणाले, हे प्रामाणिक झाले, पण "माहीत नाही" यावरून सांडवा बांधता येत नाही. मग त्यांनी विचारले, त्या दिवसांत ओढा कुठवर चढला होता हे सांगणारे गावात कुणी आहे का? पाण्याची उंची आणि तिथली ओढ्याची रुंदी कळली तर पूर किती होता ते काढता येते. मामा, पाऊस गेला तो गेला. पण खुणा आठवत असतील ना कुणाला? लवकर कळवा. इथे आत्ताच वळवाचे ढग जमू लागलेत.

सुगंधा


करंजवाडी, २ जून १९७३

चि. सुगंधास जयभीम.

खुणा विचारतेस? वस्तीत ज्याला त्याला विचारत सुटलो. तारीख कुणालाच आठवत नाही, पाणी सगळ्यांना आठवते. रतनबाई म्हणाली, तिची थोरली झाली त्या साली पाणी उंबराच्या बुंध्याला टेकले होते. गेनबा आता ऐंशीचा आहे, त्याला खांद्यावर हात देऊन ओढ्यापर्यंत नेले. तो काठी आपटून म्हणाला, "पानशेतच्या साली हितं. शाळंच्या दुसऱ्या पायरीला. त्येच्या वर न्हाई अन् त्येच्या खाली न्हाई." मी आणखी तिघांना वेगवेगळे विचारले. तिघांनी तीच पायरी दाखवली.

कासऱ्याला हातहातावर गाठी मारून मापे घेतली. त्या पायरीच्या पातळीवर ओढा काठापासून काठापर्यंत एकसष्ट फूट. मधोमध खोली नऊ फूट. उतार कसा काढायचा ते तू लिहिले नव्हतेस, म्हणून शंभर पावलांवर ओढ्याचा तळ किती खाली जातो ते गुरुजींकडून पाणी भरलेल्या नळीने पाहून घेतले. गुरुजींना सगळे सांगावे लागले. ते या वेळी हसले नाहीत.

बांध पुरा झाला. कामावरची माणसे येत्या पंधरवड्यात घरी जाणार. लोक खुश आहेत, जानेवारीपर्यंत विहिरींना पाणी राहील म्हणतात. मी कुणाला काय सांगू? रोज सकाळी माप बघायला जाताना मान वर करत नाही.

ज्ञानू


पुणे, २१ जून १९७३

ती. मामांस जयभीम.

तुमच्या मापांवरून साहेबांनी स्वतः हिशेब केला. सांडवा अठरा नाही, चाळीस फूट हवा. कागद त्यांनी त्याच दिवशी वर पाठवला. पण तो एका टेबलावरून दुसऱ्यावर, मग सहीला, मग उलट खाली तुमच्याकडच्या ऑफिसात, असा यायचा आहे. साहेब रोज विचारतात, आणि रोज उत्तर तेच, निघाला आहे.

सिंहगडाच्या अंगाला सकाळपासून काळे दिसते आहे. मी कार्डे लावता लावता तिकडेच बघते. माझी जागा कायम झाली नाही, तीन महिने आणखी ठेवले आहे. त्याचे मला आता काही वाटत नाही.

कागद येईपर्यंत वस्तीला खाली राहू देऊ नका. लोक ऐकणार नाहीत, तरी सांगा. पाया पडते.

सुगंधा


करंजवाडी, १७ जुलै १९७३

चि. सुगंधास मामाचा जयभीम व आशीर्वाद.

आधी हे, आम्ही सगळे आहोत.

महिनाअखेरपर्यंत कागद आला नाही. मी चिमाजीकडे गेलो, तुझे पत्र वाचून दाखवले. तो म्हणाला, "कागुद आन, मग कुदळ. सरकारी बांधाला हात लावला तर तुला बी बेडी आन मला बी." खोटे नव्हते ते. दोन दिवस मी घरात बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन म्हटले, तुझ्या हजेरीच्या वहीत मी माझ्या हाताने लिहून देतो, की हे माझ्या सांगण्यावरून झाले. लिहिले, सही वेडीवाकडी आली. त्याने ते दोनदा वाचले आणि टिकाव बाहेर काढले.

सव्वीस माणसे आली. आपली वीस, गावठाणातली सहा. काम बंद झालेले, हजेरी नाही, सुकडी नाही. सांडव्याच्या बाहेरच्या बाजूला मुरूमच आहे, तो फोडत गेलो. सहा दिवसांत अठराचे छत्तीस झाले. आणखी चार फूट व्हायच्या आत पाऊस लागला.

मग वस्ती वर हलवायची. किती बोलणी खाल्ली म्हणून सांगू! "पाऊस काय पयल्यांदा पडतुया व्हय?" मामी एकेका घरात जाऊन चूल विझवून आली, तेव्हा माणसे शिव्या देत निघाली. माळावरच्या गोठ्यांत गुरांबरोबर तीन दिवस काढले.

अकरा तारखेला दुपारी मी आणि चिमाजी बांधाच्या टोकाशी उभे होतो. सांडवा या काठापासून त्या काठापर्यंत भरून चालला होता, छत्तीसच्या छत्तीस फूट, लाल पाणी. बांधाच्या माथ्यापर्यंत वीतभर राहिले होते. माझे दात वाजत होते, थंडीने म्हणावे तर चिमाजीचे वाजत नव्हते. त्याने माझा हात घट्ट धरून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही. अठराच फूट असते तर, हा विचार मी आजवर पुरा केलेला नाही. पाणी तिथेच थांबले. बाराला उतरले.

बांध उभा आहे, घरे उभी आहेत, आणि वस्तीत माझे नाव आता भित्रा ज्ञानू. काहीच झाले नाही, उगाच भिजवले, दोन शेळ्या गारठून मेल्या त्या कुणी द्यायच्या, असे चालले आहे. मी उलटून बोलत नाही. काहीच झाले नाही, हे त्यांचे खरेच आहे.

तुमचा चाळीस फुटांचा कागद अजून आलेला नाही. पण काल इकडच्या ऑफिसातून माझ्या नावाने नोटीस आली. सरकारी बांधकाम विनापरवाना फोडण्याचे कारण सात दिवसांत लेखी कळवावे. गुरुजी म्हणाले, मोठ्या साहेबांचे नाव लिही, आकडे लिही, पुण्याच्या कॉम्प्युटरचे लिही. तुझ्यावर यायला नको म्हणून मी ते काही लिहिले नाही. जे मला ठाऊक होते तेच लिहिले. नक्कल तुला पाठवतो, टपालात टाकायच्या आधी बघ म्हणालो असतो, पण मूळ कागद आज सकाळीच पाठवून दिला. मामी म्हणाली, "आसं कुनी सायबाला लिवतं व्हय?" पण मला दुसरे काही सुचले नाही.

"सांडवा मी फोडला. बाकीच्यांनी माझ्या सांगण्यावरून हात लावला, त्यांच्याकडे दोष नाही. कारण विचारले आहे. खाली चौतीस घरे आहेत आणि मला भीती वाटली.

ज्ञानू धोंडिबा, पाऊस मोजणारा, करंजवाडी."